वद्यातला वाढदिवस

माझा जन्म नागपंचमीचा. तारीख विचाराल तर घरात कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेत घालताना बाबांनी मास्तरांना जी सांगितली ती त्यांना त्या घडीला सुचलेली होती. पुढे नोकरीत आणि पेन्शनच्या कागदांवर तीच चढत गेली, आणि तिच्यावर माझा आजही विश्वास नाही. आईचा हिशेब तिथीचा. श्रावण शुद्ध पंचमी. "बायका मला फेर धरायला बोलवायला आल्या आणि मी म्हटलं, बायांनो, माझा फेर आज निराळाच आहे," असं ती दर वर्षी सांगायची आणि दर वर्षी स्वतःच हसायची. नागपंचमीला आमच्याकडे काही चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. त्यामुळे सगळ्या जगाच्या वाढदिवसाला पुऱ्या-भजी आणि माझ्या वाढदिवसाला वाफवलेले दिंड. पुरण भरून चौकोनी घडी घातलेले, वर तुपाची धार. लहानपणी मला त्यांचा राग यायचा. आता डॉक्टरांनी बंद केलेत तर स्वप्नात येतात.

आम्ही बडोद्याच्या नागरवाड्यात राहायचो, एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत. खाली गुजराती शेजारी. सकाळी त्यांच्या खलबत्त्याचा ठोका आणि आईच्या पाट्यावरची घरघर एकदमच सुरू व्हायची, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या मांडीवर बोटांनी तिसरा ताल धरायचो. ही खोड रक्तातलीच. आजोबा संस्थानच्या फौजेत होते, पण बंदूक त्यांनी बहुधा फोटोपुरतीच धरली. ते फौजेच्या बँडात ड्रम वाजवायचे. संस्थान गेलं, बँड मोडला, पुढे राज्य मुंबईचं झालं आणि मग गुजरातचं, आणि या सगळ्या उलाढालीत आमच्या वाट्याला आलेली मालमत्ता म्हणजे पितळी कड्यांचा एक ड्रम. तो बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलेला असे. बाबा वीज मंडळात लाइनमन होते आणि ताल या विषयाशी त्यांचा संबंध शिडी किती वेळा डगडगते एवढाच. ड्रम माझ्याकडे आला तो सरळ आजोबांकडून.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मेल्विन भेटला. रेल्वे कॉलनीतला, बेस गिटार वाजवणारा, कमी बोलणारा आणि बोलला की टोचणारा. त्याच्या मामाचं शहराबाहेर छाणीला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. आठवड्याच्या सुट्टीला ते बंद असे, तेव्हा तिथे वाजवायची परवानगी होती. पत्र्याची शेड, तेलाचा वास, आणि मी झांजेवर काठी मारली की कोपऱ्यातली लोखंडाची भुशी थरथरायची. आम्हाला रॉक वाजवायचं होतं. बडोद्यात तेव्हा हा शब्द ऐकला की लोक दगडाबद्दल बोलतोय असं समजायचे. आम्ही तरी कुठे फार जाणत होतो? रेडिओवर रात्री खरखरत काही यायचं, आणि मेल्विनकडे जहाजावरच्या कुणा नातेवाइकाने आणलेल्या पाच-सहा रेकॉर्डी होत्या, त्याही घासून घासून पांढऱ्या पडलेल्या. आम्हाला हवा होता गिटारवाला. आणि जुलैतल्या एका दुपारी शेडच्या दारात किरीट उभा राहिला.

सहा फूट उंच, खांद्यावर गिटार, पायात हॉस्टेलची स्लिपर. करजणचा. वडिलांचं तिथे कापसाचं जिनिंग. बडोद्यात तो कुणालाच ओळखत नव्हता आणि हे लपवायचा प्रयत्न करत होता. त्याने वाजवायला सुरुवात केली तेव्हा मेल्विनने आपली बेस खाली ठेवली. मी इतकंच सांगतो: त्यानंतर मी चाळीस वर्षं गिटारवाल्यांच्या मागे बसून वाजवलं, पण पहिल्याच सुराला माझी काठी हवेत थांबली असं पुन्हा झालं नाही.

वाजवून झाल्यावर चहा आला. किरीटच्या खिशात एका विलायती मासिकाचं घडी घालून मऊ झालेलं पान होतं. त्यात एकाच दिवशी जन्मलेल्या रॉकवाल्यांची माहिती होती. अमुक दिवशी हा गिटारवाला जन्मला आणि त्याच दिवशी, दुसऱ्या देशात, तो ड्रमवाला. याने संगीताला हे दिलं, त्याने ते. कुणी तारा निराळ्या लावायला शिकवलं, कुणी ठोका उलटा करून दाखवला. किरीट ते पोथीसारखं वाचायचा. त्याचा त्यातून निघालेला स्वतःचा सिद्धांत होता: बँडमधला गिटारवाला आणि ड्रमवाला एका दिवशी जन्मलेले असले तर त्यांना वन-टू-थ्री-फोर मोजावं लागत नाही, दोघं आपोआप एकदम उठतात.

"मग आपलं कठीण आहे," मी म्हटलं. "मी नागपंचमीचा. विलायतेत नागपंचमी कुठली आणायची?"

किरीटने पेला खाली ठेवला. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मारो पण."

"काय?"

"मारो जनमदिवस पण नागपांचमनो."

मी त्याच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की चहा सांडला. त्या संध्याकाळी आमच्या बँडला नाव मिळालं, 'टू कोब्राज'. मेल्विन म्हणाला, "दोन नाग तुम्ही, मग मी कोण, मुंगूस?" पुढे वर्षभर आम्ही त्याला मुंगूसच म्हणत होतो.

तीन-चार आठवड्यांनी नागपंचमी आली. मी आईला सांगून ठेवलं होतं की या वर्षी दोन पाट मांड. तिने मांडले. रांगोळी घातली, ताम्हणात निरांजन, सुपारी, तिची अंगठी, अक्षता. दिंड वाफवून झाकून ठेवले. किरीट आला नाही. दुपार गेली, दिवेलागण झाली. आईने माझं औक्षण केलं, आणि शेजारचा रिकामा पाट मी पायाने भिंतीकडे सरकवला. मोठ्या जिनवाल्याचा मुलगा, नागरवाड्यातल्या दोन खोल्यांत कशाला येईल, असलं काय काय मनात आलं. पुढच्या तालमीला मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो. तोही गोंधळला होता, पण विचारलं नाही.

नागपंचमी होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली, आणि दारात किरीट. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, कपाळावर घाम. "हॅपी बर्थडे!" तो ओरडला. "आपणो!"

मी तोंड उघडणार एवढ्यात आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली, त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. ती मला आत घेऊन गेली. "अरे, त्यांची नागपंचमी वद्यात," ती हळूच म्हणाली. "आपली शुद्धात, या लोकांची जन्माष्टमीच्या तीन दिवस आधी. एवढी वर्षं बडोद्यात राहून तुला हे माहीत नाही?" मला खरंच माहीत नव्हतं. खालच्या शेजाऱ्यांकडे कधी काय असतं ते मी फक्त त्यांच्या ताटावरून ओळखायचो.

"मग सांगतो त्याला," मी म्हटलं.

"काही सांगायचं नाही," आई म्हणाली. "आपला वाढदिवस म्हणून तो एवढ्या हौसेने जिना चढून आलाय. पंधरा दिवसांनी तू काही म्हातारा होत नाहीस. बस पाटावर."

तिने पुन्हा दोन पाट मांडले. किरीटचे गुडघे पाटावर मावेनात, ते छातीशी घेऊन तो बसला. आईने आधी त्याला ओवाळलं, कारण पाहुणा, मग मला. त्याच्याकडे असलं काही करत नव्हते. निरांजन वर-खाली फिरताना तो डोळे न मिटता ज्योतीकडे बघत होता. मग आईने, दिवस तिचा नव्हता तरी, पुरण शिजवलं आणि दुपारपर्यंत दिंड केले. "नागोबा या वर्षी दोनदा जेवेल, त्याला काय," म्हणाली. किरीटने अकरा खाल्ले. ताटावरून उठताना आईच्या पाया पडला आणि हॉस्टेलवर जाईपर्यंत त्याने कपाळावरचं कुंकू पुसलं नाही.

त्या दिवसापासून माझे वाढदिवस दोन झाले. शुद्धातला घरचा, गुपचूप, दाराला कडी लावून. आणि वद्यातला बाहेरचा. मित्रासाठी आपण आपली तिथी पंधरा दिवस सरकवली या गोष्टीचा मला मनातून फार अभिमान वाटायचा.

ते वर्ष कसं गेलं हे सांगायला बसलो तर हे प्रकरण संपणार नाही. आम्ही मोठे झालो नाही, नाव कमावलं नाही, आणि तरी माझ्या आयुष्यात त्याच्याएवढं भरलेलं वर्ष दुसरं नाही. छाणीच्या शेडमध्ये मेल्विनला ॲम्प्लिफायरचा शॉक बसला तेव्हा बाबा मंडळाची ड्यूटी संपवून सायकलवर आले, अर्थिंग करून दिलं, आणि मग दारात उभे राहून एक अख्खं गाणं ऐकलं. "आवाज फार आहे," एवढंच म्हणाले. पण पुढच्या आठवड्यात स्वतःहून वायरचा नवा तुकडा घेऊन आले. कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही वाजवलं तेव्हा पुढच्या दोन रांगा उठून गेल्या आणि मागच्या सगळ्या पुढे आल्या. नवरात्रात पैशाकरता एका सोसायटीच्या गरब्याला बसलो. किरीटने तिथे गरब्याच्या चालीत मधेच विजेच्या गिटारचा असा काही तुकडा सोडला की फेर एक क्षण अडखळला, आणि मग दुप्पट जोराने फिरायला लागला. एक काकू टाळी चुकून माझ्या ड्रमवर आदळल्या. आज बडोद्यात गिटार आणि ड्रमसेटशिवाय गरबा होत नाही. पहिल्यांदा ते कुणी आणलं यावर जुन्या वादकांत भांडणं आहेत. मी त्यात पडत नाही; मी बोललो तर मेल्विन हसेल.

आणि किरीटचं ते म्हणणं खरं होतं. आम्हाला मोजावं लागत नसे. तो मान किंचित खाली करायचा आणि मला कळायचं. मेल्विन कुरकुरायचा, "तुम्ही दोघं उठता, मला कोण सांगणार?" किरीट म्हणायचा, "एक दिवसना जनमेला छीए ने!" आणि मी, एका दिवसाचे नाही हे माहीत असून, मान डोलवायचो. वाटायचं, पंधरा दिवसांनी काय फरक पडतो.

पुढच्या श्रावणाच्या तोंडाशी किरीट एका तालमीला गिटार न काढताच बसून राहिला. अमेरिकेतल्या मामाने त्याचे कागद केले होते. मामाची तिकडे मोटेल होती, भाचा हाताशी हवा होता. बापूजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, होकार देऊन टाकला होता. किरीटने हे सगळं लेथच्या चाकाकडे बघत सांगितलं, आणि मग माझ्याकडे वळला.

"तुं कहे तो नथी जवुं."

तू म्हणशील तर जात नाही. मेल्विन उठून बाहेर गेला. मला लगेच म्हणायचं होतं, नको जाऊस. पण असल्या वेळी आमच्या घराण्यात पटकन बोलायची पद्धत नाही. मी म्हटलं, "आपल्या वाढदिवसाला सांगतो."

"करजण आव," तो म्हणाला. "आ वखते मारे त्यां." या वेळी वाढदिवस त्याच्या घरी.

काय सांगायचं ते माझं ठरलेलंच होतं. शुद्धातल्या पंचमीला आईने ओवाळलं तेव्हा मी तिलाही सांगितलं की मी त्याला ठेवून घेणार. आई दिव्याची वात सारखी करत बसली. मग वद्यातल्या पंचमीच्या सकाळी आजोबांचा ड्रम खांद्याला लावून मी एसटीत चढलो. बापूजींना ऐकवायचं, आणि मग त्यांच्या देखतच किरीटला सांगायचं की राहा, असा माझा बेत होता. कंडक्टरने ड्रमचं अर्धं तिकीट फाडलं आणि विचारलं, "कोनुं लगन छे?" मी म्हटलं, "वाढदिवस आहे, दोघांचा."

किरीटचं घर जिनिंगच्या आवारातच होतं. तो सकाळीच बापूजींबरोबर कसल्याशा सहीकरता कचेरीत गेला होता, दुपारपर्यंत येणार होता. घरी त्याच्या बा, म्हणजे आई, एकट्या. ठेंगण्या, हसऱ्या, पदर डोक्यावरून. मला स्वयंपाकघरातच पाटावर बसवलं आणि पुढ्यात बसून बाजरीच्या पिठात तूप-गूळ मळायला लागल्या. त्यांच्याकडे नागाला कुलेर दाखवतात, ही तीच. तळहातावर लाडू वळता वळता त्यांनी विचारलं, आज तुझा जन्मदिवस ना, किरीट सांगत होता.

"हो बा. आणि किरीटचा पण."

बांचा हात थांबला. मग त्या हसायलाच लागल्या. "किरीटनो? ना रे बेटा, ए तो उत्तराणनो. उपर धाबे बधा 'काप्यो छे'नी बूमो पाडे, ने नीचे ओरडामां हुं बूमो पाडुं."

उत्तराण म्हणजे संक्रांत. भर थंडीतली. अख्खं गुजरात गच्चीवर पतंग उडवत 'काप्यो छे', कापला रे, असं ओरडत असतं तो दिवस; आणि खाली खोलीत बा बाळंतकळांनी ओरडत होत्या. इथे पंचमी कुठली, श्रावण कुठला. पाच महिन्यांचं अंतर. बांना माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं देव जाणे. त्यांनी लाडू ताटात ठेवला, बोटाला लागलेलं पीठ पुसलं आणि आवाज उतरवून विचारलं, "एणे कीधुं? पांचमनो छुं एम?"

हो, पंचमीचा म्हणून त्यानेच सांगितलं होतं. मी मान हलवली.

"तो पछी एम ज हशे," बा म्हणाल्या. त्याने म्हटलं असेल तर तसंच असेल. ज्या बाईने त्याला जन्म दिला तिने तो दिवस असा चुलीपुढे बसून सोडून दिला, आणि एक कुलेर माझ्या हातावर ठेवली.

ती खाता खाता मला छाणीची ती पहिली दुपार दिसली. स्लिपर घातलेला, गावात कुणी ओळखीचं नसलेला पोरगा. माझा पेला, त्याचा पेला, आणि बोलण्याआधी त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलेलं. मी पंधरा दिवस सरकवले म्हणून वर्षभर मनातल्या मनात मिरवत होतो. हा तर पाच महिने ओलांडून आला होता. आणि पाटावर गुडघे पोटाशी घेऊन, ज्योतीकडे बघत बसला होता, ज्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणीच जन्मलेलं नव्हतं. मला हसू आलं, आणि मी तोंड भिंतीकडे वळवलं. बांनी ते न पाहिल्यासारखं केलं.

मग दुसरा विचार आला, आणि तो मला अजिबात आवडला नाही. जो माझ्याबरोबर वाजवायला मिळावं म्हणून जन्म बदलतो, त्याला मी राहा म्हटलं तर तो राहील. हसत राहील. बापूजींशी भांडेल, मामाला नाही म्हणेल, आणि मला कधीही कळू देणार नाही की त्याला जायचं होतं की नव्हतं. कारण माझ्यासमोर खरं सांगायची त्याला सवयच नव्हती. त्याने पहिल्या चहापासून मला हवं तेच सांगितलं होतं. त्याच्याकडून मी एक जन्मदिवस घेऊन बसलो होतो. आता सगळं आयुष्यच मागायचं माझ्या जिभेवर येईना.

किरीट आला तो जेवणाच्या वेळेला, लांबूनच "हॅपी बर्थडे, आपणो" ओरडत. बांनी त्याच्याकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि पुऱ्या वाढायला लागल्या. त्यांच्या नागपंचमीला तळण चालत असावं, किंवा माझ्यासाठी चाललं असावं. जेवणानंतर आम्ही जिनच्या शेडमध्ये गेलो. हंगाम नव्हता, यंत्रं बंद, शेड पार रिकामी. कुठे कोपऱ्यात कापसाचे पुंजके. बापूजी खुर्ची टाकून बसले, बा दारात. एक ड्रम आणि एक गिटार, तीही ॲम्प्लिफायरशिवाय. पण त्या रिकाम्या शेडमध्ये आवाज असा घुमत होता की आम्ही पाच-सहा जण आहोत असं वाटावं. त्याने मान किंचित खाली केली आणि आम्ही उठलो, एकदम. मी तेव्हाही स्वतःशी म्हटलं, हा उत्तराणचा, मी शुद्धातला, मग हे कसं होतं?

बापूजींनी शेवटपर्यंत ऐकलं. "सारुं वगाडो छो," चांगलं वाजवता, म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मला वाटतं, त्या घडीला मी बोललो असतो तर तेही ऐकले असते.

संध्याकाळी किरीट मला एसटी स्टँडवर सोडायला आला. ड्रम त्यानेच खांद्याला लावला होता. बस लागलेली होती. "बोल हवे," तो म्हणाला. आता बोल.

मी म्हटलं, "जा."

त्याला ते ऐकू आलं नसावं असं वाटलं, म्हणून मी पुन्हा म्हटलं, "जा किरीट. तिकडे चांगलं ॲम्प्लिफायर मिळेल. आणि मी इथेच आहे, नागरवाड्यात, मी कुठे जातोय?"

त्याने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. राग आला असावा, आणि सुटल्यासारखंही वाटलं असावं. दोन्ही त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्याने ड्रम माझ्या हातात दिला. "आवजो," मी म्हटलं. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्यांच्यात निरोप देणारा 'या' म्हणतो. दोन्हीकडे जाणाऱ्या माणसाला कुणी जा म्हणत नाही, आणि मी त्याला दोनदा म्हटलं होतं. बस निघाल्यावर मी ड्रम मांडीवर घेऊन रडलो. कंडक्टरने या वेळी ड्रमचं तिकीट फाडलं नाही.

पुढच्या वर्षी वद्यातल्या पंचमीला आईने न सांगता दोन पाट मांडले. किरीटच्या पाटावर एक सुपारी ठेवली आणि तिलाच ओवाळलं. ती असेपर्यंत हे चाललं. बांनी मला जे सांगितलं ते मी आईला सांगितलं नाही, मेल्विनला नाही, पुढे लग्न झाल्यावर सुमनलाही नाही. माणसाचा जन्मदिवस ही त्याची गोष्ट. त्याने एक निवडला होता, तर तोच त्याचा.

टू कोब्राज तिथेच संपला. मी एका कारखान्यात लागलो आणि नवरात्रात, लग्नांत, जो बोलवेल त्याच्या मागे बसून वाजवत राहिलो. सांध्यांनी नकार देईपर्यंत. मेल्विन पोरांना बेस शिकवतो आणि अजून टोचून बोलतो. किरीटने तिकडे मोटेलच्या काउंटरमागे आयुष्य काढलं, पण गिटार सोडली नाही. तिथल्या गुजराती पोरांच्या दोन पिढ्यांना त्याने वाजवायला शिकवलं, आणि त्यांच्या गरब्यात म्हणे अजून एक तुकडा वाजतो ज्यावर फेर क्षणभर अडखळतो. त्या मासिकाच्या पानात आमच्याबद्दल असतं तर एवढंच असतं. मला ते कमी वाटत नाही.

तो परत आला तो दोनदाच, बापूजी गेले तेव्हा आणि बा गेल्या तेव्हा, आणि दोन्ही वेळी त्याच्या घरात इतकी माणसं होती की वाजवण्याचा विषयही निघाला नाही. पण फोन यायचा. आधी कुणाच्या तरी घरी, मग आमच्याच घरी, मग खिशात. दर वर्षी वद्यातल्या पंचमीला, न चुकता. "हॅपी बर्थडे, आपणो." त्याच्या पंधरा दिवस आधी सुमन माझ्यासाठी दिंड करते, डॉक्टरांनी बंद केल्यापासून नावापुरता एकच, तोही साखर न घालता. मुलं फोनवर शुभेच्छा देतात. मी त्यांना हो म्हणतो आणि मनात पंधरा दिवस मोजायला लागतो. खरं सांगायचं तर माझा वाढदिवस मला त्याचा फोन आल्याशिवाय झाल्यासारखा वाटत नाही. एवढ्या मोठ्या बडोद्यात, एवढ्या माणसांत, मी वर्षभर एका वाक्याची वाट बघतो.

गेली दोन वर्षं किरीटचं डोकं साथ देत नाही. त्याच्या मुलीने सांगितलं, तो महिने विसरतो, कधी तिलाही विसरतो, पण अधूनमधून फोनसाठी हात पुढे करतो आणि म्हणतो, दिगुला लाव. दिगु म्हणजे मी. गेल्या श्रावणात वद्यातली पंचमी आली आणि गेली. मी फोन खिशात घेऊन संडासातसुद्धा गेलो. वाजला नाही. मी केला, तर मुलगी म्हणाली, झोपलाय. सुमन म्हणाली, आता सोडा, वय झालं. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आणि मग परवा फोन आला. दुपार कलली होती, तिकडे पहाट असणार. आधी नुसता श्वास, मग त्याचा आवाज, म्हातारा झालेला पण तोच. "दिगु. हॅपी बर्थडे. आपणो." थोडा थांबला. त्याला कुठेतरी शंका आली असावी. "आजे पांचम ज ने?"

मी खिडकीशी उभा होतो. समोरच्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या, आभाळात बोट ठेवायला जागा नव्हती एवढे पतंग, आणि कुठूनतरी पोरं बोंबलत होती, काप्यो छे, काप्यो छे.

"हो रे," मी म्हटलं. "आजच. हॅपी बर्थडे, किरीट."

"तने पण," तो म्हणाला, समाधानाने, आणि फोन मुलीकडे गेला.

सुमन तिळगुळाचं ताट घेऊन आत आली. "कुणाचा वाढदिवस?"

"किरीटचा."

"काहीतरीच. त्याचा वद्यातला ना? तुमच्याबरोबरचा?"

"नाही," मी म्हटलं. "त्याचा आज असतो. एक पाट मांड, आणि एक सुपारी दे."